वीस रुपयांचा मामा

परवा ग्वाल्हेरच्या जयविलास पॅलेसमध्ये मला वीस रुपये बक्षिशी मिळाली. मी तिथे नोकरीला नाही. माझं, माझ्या मुलीचं आणि इंदूरहून सुट्टीला आलेल्या भाचा-भाचीचं तिकीट काढून रीतसर दारातून आत गेलो होतो.

भाचा नऊ वर्षांचा, भाची सहाची. दोघं नुकतीच शाळेच्या सहलीत कुठल्याशा 'हात लावून पाहा' छाप विज्ञान दालनात जाऊन आलेली. बटण दाबा, चाक फिरवा, दोरी ओढून स्वतःलाच खुर्चीसकट वर उचला. अशी पोरं राजवाड्यात आणायची म्हणजे पंगतीत बसवून जेवू नका म्हणण्यासारखं आहे. चांदी, काच, भुसा भरलेले वाघ, पालख्या, सगळं समोर आणि सगळं दोरीपलीकडे.

यावर माझ्याकडे एक उपाय आहे, वर्षानुवर्षं पाहुण्यांची पोरं वागवून पक्का झालेला. हात मागे घ्यायचे आणि उजव्या हाताने डावं मनगट धरायचं. नुसतं 'हात मागे' म्हटलं की बोटं मोकळी राहतात, आणि मोकळं बोट पाच मिनिटांत काचेवर जातं. मनगट धरलं की एक हात दुसऱ्यावर पहारा ठेवतो. दुसरं म्हणजे दोरीपासून एक फरशी सोडून उभं राहायचं. 'लांब उभा राहा' हे मुलाला कळत नाही, 'या रेघेच्या आत यायचं नाही' हे कळतं. पाणी आणि बाथरूम तिकिटाच्या आधी. एवढं करून सहा वर्षांचं मूल सात-आठ मिनिटं टिकतं. मग ते पुढे वाकतं आणि काचेला नाक लावतं. "नाक म्हणजे हात नाही," असं भाचीने मला दुसऱ्याच खोलीत सांगितलं, आणि त्यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

या उपायात एक मेख आहे. मोठ्या माणसाने स्वतः तसं उभं राहिल्याशिवाय मुलं राहत नाहीत. म्हणून मीही हात मागे, मनगट पकडून, दोरीशेजारी ताठ. अंगात फिकट निळा शर्ट, खाली गडद निळी पँट. निघताना बायको म्हणाली होती, "हा शर्ट नको." कारण सांगितलं नव्हतं.

तर अशा अवतारात आम्ही चांदीच्या आगगाडीपाशी पोचलो.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. लांबलचक जेवणाचं टेबल, त्यावर रूळ, रुळांवर चांदीची छोटी गाडी. डब्यांत काचेच्या सुरया. जेवण झालं की ही गाडी ब्रँडी आणि सिगार घेऊन पाहुण्यांसमोरून फिरायची. विजेवर चालायची, आणि पाहुण्याने सुरई उचलली की जागच्या जागी थांबायची. सुरई परत ठेवली की पुढच्या पाहुण्याकडे निघायची. म्हणजे सुरईचं वजन हेच तिचं बटण. हे मी पोरांना सांगितलं. भाच्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "मामा, म्हणजे ही हात लावायचीच गाडी आहे!"

बरोबर होतं त्याचं. अख्ख्या राजवाड्यातली हात लावायसाठीच बनवलेली एकुलती एक वस्तू, आणि तिलाच हात लावता येत नाही. मग का लावायचा नाही तेही सांगावं लागलं. घामात मीठ असतं. चकचकीत चांदीवर बोटाचा ठसा राहिला आणि काही आठवडे पुसला नाही, तर तो धातूत उतरतो, मग कापडाने जात नाही. पॉलिश मारावं लागतं, आणि पॉलिश म्हणजे दर वेळी चांदीचा एक पातळ थर खरवडून टाकणं. हजार माणसांनी एकेक बोट लावलं तर शंभर वर्षांत नक्षी सपाट.

हे बोलताना माझा आवाज जरा चढला असावा. कारण मागून हाक आली.

"अहो मामा!"

सकाळपासून 'मामा' ऐकून ऐकून मान आपोआप वळत होती. वळलो. समोर साठीचे एक गृहस्थ. गळ्यात प्रवासाची उशी, घोड्याच्या नालेच्या आकाराची, रेल्वेतून उतरताना काढायची राहिलेली. हातात प्लास्टिकची फाइल, फाइलीत छापील यादी, यादीवर पेन. त्यांच्या मागे पत्नी, पाठीवर सॅक.

"मामा, हत्ती कुठल्या खोलीत आहेत?"

पुण्यात वॉचमनला, कंडक्टरला, चौकातल्या पोलिसाला मामा म्हणतात हे मला ठाऊक आहे. पण ते त्या क्षणी आठवलं नाही. मला वाटलं, पोरांचं ऐकून लाडाने म्हणताहेत.

"हत्ती खोलीत नाहीत," मी म्हणालो. "दरबार हॉलच्या छतावर चढवले होते. दीडशे वर्षांपूर्वी."

"यादीत आहेत." त्यांनी पेन टेकवून दाखवलं. 'हत्ती व झुंबर.'

मग सगळं सांगितलं. राजवाडा 1874 सालचा, जयाजीराव शिंद्यांनी बांधला, आराखडा मायकेल फिलोज यांचा. दरबार हॉलमध्ये दोन झूमर टांगायचे होते, एकेक साडेतीन टनांचा. छत पेलेल की नाही, म्हणून उतार बांधून हत्ती वर नेले आणि उभे केले. कोणी आठ सांगतात, कोणी दहा.

"झुंबर," गृहस्थ म्हणाले.

"काय?"

"झूमर नाही. मराठीत झुंबर म्हणतात. आणि तो नाही, ते." मग समजुतीच्या सुरात, "चालायचंच. मला सांगा, चढवले ते समजलं. उतरवले कसे?"

"त्याच उतारावरून."

"हत्ती उतारावरून खाली येतो?"

"येतो ना. डोंगरातून येतो."

"आमच्या पर्वतीला पायऱ्या आहेत," ते म्हणाले. "हत्तींसाठीच रुंद केलेल्या. पायऱ्यांचं मी समजू शकतो. उतारावर पाय घसरला म्हणजे?" त्यांनी पत्नीकडे पाहिलं. बाईंनी नुसती मान हलवली. या प्रश्नात त्या पूर्वी कधीतरी पडल्या असाव्यात आणि बाहेर आल्या असाव्यात. "आणि समजा छत पेललंच नसतं, तर? आठ हत्ती खाली. म्हणजे झुंबरापेक्षा महाग प्रकरण. दोन झुंबरांचे सात टन. हत्ती चार टनांचा धरला तरी आठांचे बत्तीस. सातासाठी बत्तीस? ही काय चाचणी झाली?"

इथे मी चूक केली. मी उत्तर दिलं. म्हणालो, चाचणीला प्रत्यक्षापेक्षा जास्तच भार घेतात, आजही पुलावर वाळूची पोती रचून तसंच करतात. शिवाय हत्ती हलतो, पाय आपटतो, त्यामुळे नुसत्या टांगलेल्या वजनापेक्षा छताची परीक्षा कडक होते. हे सगळं हात मागे बांधून, ताठ उभं राहून, फिकट निळ्या शर्टात. आजूबाजूला आणखी चार माणसं जमली. एका बाईंनी स्वच्छतागृह विचारलं, तेही मी सांगितलं. डावीकडे.

गृहस्थांनी हत्तींपुढे बरोबरची खूण केली. "आता गालिचा."

"दरबार हॉलमध्ये. कैद्यांनी विणलेला. बारा वर्षं लागली म्हणतात."

"कैदी किती?"

"ते माहीत नाही."

"माहीत पाहिजे," ते म्हणाले, पण रागावून नव्हे. फाइल मिटली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "पण मराठी छान बोलता हो तुम्ही! इतकं लांब राहून!"

आणि खिशातून वीसची नोट काढून, घडी घालून, माझ्या मागे बांधलेल्या हातात सरकवली. मनगट पकडलेलं असल्यामुळे पंजा उघडाच होता. मी काय झालं ते समजेपर्यंत ते पुढच्या खोलीत गेले होते. जाताना पत्नीचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"अहो, दहा पुरे होते."

"मामा," भाची म्हणाली, "तू इथे कामाला आहेस?"

नोटेचं मी सोडून दिलं असतं. 'लांब राहून' मात्र जात नाही. कशापासून लांब? दौलतराव शिंद्यांचा लष्करी तळ 1810 च्या सुमारास इथे पडला, त्या तळाचीच लश्कर ही वस्ती झाली, आणि आमच्यासारखी घरं तेव्हापासून इथेच आहेत. दोनशे वर्षं आम्ही घरात मराठी आणि बाड्यावरच्या बाजारात हिंदी बोलतो; त्यात झुंबराचा झूमर झाला असेल, झाला. पण ज्या ख्यालावर तिकडच्या मैफली पोसल्या तो ग्वाल्हेरचा. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथली गायकी शिकून महाराष्ट्रात घेऊन गेले, तेव्हा ते छान गातात हो, इतकं लांब शिकून, असं कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. दर हिवाळ्यात कोणीतरी येतं, किल्ला पाहतं, फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपुढे हात जोडतं, आणि मग आम्हाला मराठी बोलताना ऐकून असं दचकतं जसं काही काचेच्या पेटीतला वाघ जांभई देतोय. जाऊ द्या.

शिंदे घराण्याला रुळांचं वेडच होतं. टेबलावरची गाडी ही त्याची लहान बाजू. मोठी बाजू म्हणजे माधवरावांनी राजवाड्याच्या आवारात हौसेने टाकलेले दोन फुटांच्या अंतराचे रूळ, जे वाढत वाढत थेट श्योपूरपर्यंत, जवळजवळ दोनशे किलोमीटर गेले. ती छोटी लाइन 2020 पर्यंत चालू होती. तिच्या टपावर बसून माणसं जायची, आणि तिथे हात मागे बांधून चालत नसे. दोन्ही हातांनी जे सापडेल ते धरायचं.

घरी आल्यावर भाच्याने गाडीचा पिच्छा सोडला नाही, म्हणून जेवणाच्या टेबलावर गाडी केली. कोणाला करायची असेल तर साहित्य सोपं आहे: पेन्सिल सेलवर चालणारी खेळण्यातली गाडी आणि तिचे गोल रूळ, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून एक पट्टीवाला मायक्रो स्विच, हातभर बारीक बहुतारी वायर, होमिओपॅथीची तीस मिलीची काचेची बाटली. इंजिन फोडायचं नाही. जुन्या व्हिजिटिंग कार्डाचा बोटभर तुकडा घेऊन त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याची चिकटपट्टी लावायची, दोन बाजू एकमेकींना कुठेही टेकता कामा नयेत, आणि तो सेल आणि त्याला टेकणारा पत्रा यांच्यामध्ये खुपसायचा. प्रवाह तुटला. आता दोन्ही बाजूंना एकेक वायर जोडून मागच्या डब्यातल्या स्विचपर्यंत न्यायची. डब्याच्या तळाला स्विच, पट्टीवर बाटली.

चार गोष्टी बिघडतात. वायर जाड किंवा ताणलेली असेल तर वळणावर डबा रुळावरून उतरतो. इंजिन आणि डबा यांच्यात दोन इंच वायर सैल सोडावी. बाटली रिकामी झाली की पट्टी दबत नाही आणि गाडी मुळातच निघत नाही. भरलेली सत्तरेक ग्रॅम भरते, तेवढी पुरते. पट्टी जितकी लांब तितकं कमी वजन लागतं. चाकं जागेवर फिरत राहिली तर इंजिनावर पाचची दोन-तीन नाणी चिकटवा. डब्यात वजन आणि इंजिन हलकं, म्हणून ती घसरतात.

चौथी आणि खरी गडबड स्विचच्या पायांत आहे. त्याला तीन पाय असतात: कॉमन, एनओ (एरवी तुटलेला), एनसी (एरवी जोडलेला). वायरी कॉमन आणि एनओला जोडायच्या, म्हणजे पट्टी दबली की चालू, सुटली की बंद. चष्मा न लावता मी त्या कॉमन आणि एनसीला जोडल्या. भाचीने कोकम सरबताची बाटली डब्यात ठेवली, गाडी थांबली. भाच्याने पाहुण्यासारखी ऐटीत बाटली उचलली, आणि गाडी सुसाट सुटली, वळणावर रूळ सोडून वरणाच्या पातेल्यात गेली.

पाय बदलला, इंजिन पुसलं, उन्हात वाळवलं. गाडी आता बाटली उचलली की थांबते आणि ठेवली की निघते, आणि तिला कोणीही हात लावू शकतं. सेल मात्र वरणात गेले, नवे आणावे लागले. जोडी चोवीस रुपयांना पडली. वरचे चार मी घातले.