टॅक्स पावतीने प्लॉट नावावर होत नाही

'सर्व प्लॉटधारकांसाठी आनंदाची बातमी' अशा मथळ्याचा एक संदेश सध्या नागपुरातल्या कॉलन्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतो आहे. अशा संदेशांना उत्तर देण्याची माझी सवय नाही, परंतु उमरेड रोडकडच्या एका लेआऊटमध्ये प्लॉट पाहून आलेल्या माझ्या धाकट्या मेहुण्याने तो मला पाठवला आणि खाली लिहिले, "भाऊजी, आता आरएलची भानगड संपली ना? टोकन देऊन टाकतो." विकणाऱ्याने त्याला ग्रामपंचायतीची टॅक्स पावती दाखवली होती, आणि संदेश वाचल्यावर तेवढे पुरेसे आहे अशी त्याची खात्री पटली होती.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. मालमत्ता कराची पावती नावावर असली की मालकी आणि बांधकाम दोन्ही कायदेशीर ठरतात. सलग १२ वर्षे कर भरला की जागा आपोआप नावावर होते. तुकडेबंदी कायदा रद्द झाल्यामुळे आरएल, म्हणजे अनधिकृत लेआऊटमधला प्लॉट नियमित केल्याचे पत्र, घेण्याची गरज उरलेली नाही. नोटरी केलेला करार चालतो. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला टॅक्सच लागत नाही. आणि ज्याच्याकडे पावती आहे त्याच्या घरावर बुलडोझर येऊ शकत नाही.

यातला पहिला दावा सर्वांत घातक आहे, कारण बाकीचे सगळे त्याच्याच आधाराने उभे आहेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात, जो आता नागपूरलाही लागू आहे, कलम २६७-अ नावाची तरतूद आहे. परवानगीशिवाय बांधकाम करणाऱ्याकडून ते बांधकाम बेकायदेशीर राहील तोपर्यंत दरवर्षी मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती घ्यावी, असे ते कलम सांगते; आणि त्याच कलमाच्या परंतुकात असेही स्पष्ट म्हटले आहे की, असा कर आणि अशी शास्ती वसूल केली म्हणून ते बांधकाम नियमित झाले असे मानता येणार नाही. म्हणजे बेकायदेशीर घराकडूनही कर घ्यायचा, त्यावर दंडही घ्यायचा आणि तरी त्याला कायदेशीर म्हणायचे नाही, हे विधिमंडळाने विचारपूर्वक लिहून ठेवले आहे. लहान निवासी घरांना पुढे या शास्तीतून दिलासा मिळाला हे खरे. पण तो दिलासा दंडातून होता, परवानगीच्या अटीतून नव्हे. हे एक कलम वाचले असते तरी हा संदेश लिहिणाऱ्याचा आणि पुढे पाठवणाऱ्यांचा बराच वेळ वाचला असता.

ज्यांना कलमे वाचण्याचा कंटाळा आहे त्यांनी निदान स्वतःच्या घरचे देयक काढून पाहावे. त्यावर इंडेक्स नंबर असतो, ज्याच्याकडून कर घ्यायचा त्याचे नाव असते, सामान्य करापासून शिक्षण कर आणि रोजगार हमी करापर्यंत निरनिराळ्या रकमा असतात आणि थकबाकी असते. यांपैकी शेवटचे दोन कर तर महापालिका राज्य शासनासाठी गोळा करते. जमीन कोणाकडून, कोणत्या दस्ताने, कोणत्या तारखेला आली, याचा रकाना त्या कागदावर नसतो, कारण कर विभागाला त्याच्याशी कर्तव्य नसते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ची गोष्टही तीच आहे. ती कर आकारणीची नोंदवही आहे. तिच्यात नाव चढले म्हणून लेआऊट मंजूर होत नाही. शहराभोवतीच्या महानगर क्षेत्रात ते मंजूर करण्याचा अधिकार महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा आहे.

शिवाय नागपूरकराने तरी हा दावा ऐकून हसायला हवे होते. या शहरात नझूलच्या, म्हणजे शहरातल्या सरकारी मालकीच्या, जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबे आहेत आणि नागपूर सुधार प्रन्यासच्या भाडेपट्ट्याच्या भूखंडांवर बंगले बांधलेली मंडळी आहेत. ही सगळी माणसे महापालिकेचा कर इमानेइतबारे भरतात, तरीही पट्ट्याचे नूतनीकरण, भूभाटक आणि हस्तांतरणाची परवानगी यांसाठी त्यांना संबंधित कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. नागपूर आणि अमरावती विभागांतल्या नझूल जमिनी भोगवटादार वर्ग-१, म्हणजे पूर्ण मालकीच्या, करून घेता याव्यात म्हणून राज्य शासनाला विशेष अभय योजना काढावी लागली आणि त्यासाठी लोकांनी पैसे मोजले. झोपडपट्ट्यांतले रहिवासी मालकी पट्ट्यांसाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढत आले. टॅक्स पावतीने मालकी मिळत असती, तर या सगळ्यांनी हा खटाटोप कशासाठी केला असता?

बारा वर्षांचा दावा हा कायद्यातला एक शब्द उचलून बाकीचे वाक्य टाकून देण्याचा प्रकार आहे. मुदत अधिनियम, १९६३ मध्ये मूळ मालकाने खासगी जागेचा ताबा परत मागण्यासाठी १२ वर्षांची मुदत आहे; ती उलटली की त्याचा हक्क संपतो. शासकीय जमिनीसाठी मात्र ती ३० वर्षांची आहे. ती मुदत लागू व्हायची तर मूळ मालकाच्या विरोधात, उघडपणे आणि अखंड ताबा होता हे न्यायालयात सिद्ध करावे लागते, आणि ते सिद्ध करण्याचा भार ताबा सांगणाऱ्यावर असतो. कराच्या पावत्या त्या खटल्यात ताब्याचा एक पूरक पुरावा म्हणून उपयोगी पडू शकतात, एवढे मी मान्य करतो. पण 'आपोआप' काहीही होत नाही. आणि जो मोकळा प्लॉट आज विकत घ्यायचा आहे, ज्याच्या चार कोपऱ्यांना चुना फासलेले चार सिमेंटचे खुंट आणि मध्ये हातभर गवत एवढाच काय तो ताबा आहे, त्याला हे तत्त्व कुठून लावणार?

तुकडेबंदीच्या बाबतीत संदेशात अर्धे सत्य आहे, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९४७ च्या कायद्याने प्रमाणभूत, म्हणजे शासनाने ठरवलेल्या किमान, क्षेत्रापेक्षा लहान तुकड्यांच्या व्यवहारांवर बंदी घातली होती. २०१७ च्या दुरुस्तीनंतर बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरून असे जुने व्यवहार नियमित करता येऊ लागले, पुढे ही रक्कम ५ टक्क्यांवर आली, आणि जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी विधिमंडळात नागरी भागापुरती तुकडेबंदी हटवण्याची घोषणा केल्यानंतर शासनाने तेही शुल्क काढून टाकले. गुंठा-दोन गुंठ्यांत अडकलेल्या हजारो लोकांची त्यामुळे सोय झाली, यात शंका नाही. परंतु हा दिलासा नागरी वा विकासासाठी ठरवलेल्या क्षेत्रातल्या आणि ठरावीक तारखेपर्यंतच्या व्यवहारांना आहे, आणि तो फक्त जमिनीचा तुकडा पाडल्याचा दोष दूर करतो. त्या तुकड्याला रस्ता आहे की नाही, तो सार्वजनिक उपयोगाच्या आरक्षणात येतो की नाही, लेआऊटचा नकाशा मंजूर आहे की नाही, या प्रश्नांना तो हात लावत नाही. ते प्रश्न नगररचना कायद्याचे आहेत आणि आपल्याकडे आरएल मिळते ते २००१ च्या गुंठेवारी (परवानगीशिवाय पाडलेल्या लहान प्लॉटांच्या) कायद्याखाली. २०२१ च्या दुरुस्तीने तो ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला लागू केला, पण प्रशमन शुल्क (नियमभंगाबद्दलची तडजोड रक्कम), विकास शुल्क आणि छाननी कायम ठेवली. सुधार प्रन्यासच्या '५७२' आणि '१९००' या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या अनधिकृत लेआऊटमध्ये ज्यांनी डिमांड (मागणीपत्रातले शुल्क) भरून आरएल मिळवले, त्यांना त्याची किंमत नकाशा मंजूर करताना किंवा बँकेत कर्ज मागताना कळलेली आहे. एक कायदा सैल झाला म्हणून दुसरा मोडीत निघत नाही.

नोटरीच्या कराराबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. शंभर रुपये आणि त्यावरच्या किमतीच्या स्थावर मालमत्तेच्या विक्रीला नोंदणीकृत दस्त लागतो. आममुखत्यारपत्र, विक्रीचा करार आणि मृत्युपत्र अशा जोडकागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सूरज लॅम्प प्रकरणात सांगून टाकले आहे. नोटरी सही कोणाची आहे एवढे पाहतो, जमीन कोणाची आहे हे पाहत नाही.

५०० चौरस फुटांची करमाफी ही मुंबई महापालिकेच्या हद्दीतल्या निवासी घरांसाठी २०२२ मध्ये जाहीर झाली. नागपूरकरांनी तिच्या भरवशावर थकबाकी वाढवू नये.

राहता राहिला बुलडोझर. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाडकामापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस आणि बाजू मांडण्याची संधी बंधनकारक केली. हे संरक्षण मोलाचे आहे, पण ते पावती पाहून दिलेले नाही. पावती असलेल्याला आणि नसलेल्याला ते सारखेच आहे. शिवाय रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी आणि जलस्रोत यांवरच्या अनधिकृत बांधकामांना न्यायालयाने या नियमांतून वगळले आहे. सप्टेंबर २०२३ च्या त्या रात्री अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, त्यानंतर नदीनाल्यांच्या पात्रातल्या बांधकामांकडे काणाडोळा करणे कोणत्याही यंत्रणेला सोपे राहिलेले नाही. त्यामुळे टोकन देण्याआधी विकणाऱ्याकडून सातबारा, अकृषक आदेश आणि मंजूर लेआऊटचा नकाशा मागावा, आणि त्यातला खसरा (भूमापन) क्रमांक प्राधिकरणाच्या किंवा प्रन्यासच्या कार्यालयात जाऊन विकास आराखड्यावर स्वतः ताडून पाहावा. जो विकणारा हे कागद मागताच टॅक्स पावती पुढे करतो, त्याच्याकडे बहुधा दुसरे काही नसते.