चिमुकल्या जिवाला जंगल वाचवायला लावू नका

छोट्याशा प्राण्याची जंगलातली गोष्ट सांगणारे अॅनिमेशनपट मला मनापासून आवडतात. मुलांसाठी म्हणून नाही, माझ्यासाठीच. म्हणूनच हल्लीच्या अशा चित्रपटांबद्दल एक गोष्ट मनात साचली आहे, ती आज लिहून टाकते.

ससा असो, खार असो की उंदीर, हल्ली बहुतेक ठिकाणी गोष्ट एकाच वाटेने जाते. नायक घर सोडतो, त्याला एक अखंड बडबडणारा मित्र मिळतो, मग एक दुष्ट कोणीतरी येतो आणि शेवटी हे एवढंसं पिल्लू अख्ख्या जंगलाचा तारणहार होतं. सगळे प्राणी जमून जल्लोष करतात. चित्र सुंदर असतं, एकेक केस मोजता येईल इतकं. पण तो प्राणी लहान आहे हे आपल्याला कुठे जाणवतं? लहानपण फक्त पोस्टरवर उरतं.

लहान असणं म्हणजे काय, हे मुलांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. दाराची कडी हाताला लागत नाही. मोठ्यांचं बोलणं डोक्यावरून जातं. कुठे जायचं, कधी निघायचं, हे दुसरंच कोणी ठरवतं. त्या उंचीवरून जग बघणारा नायक पडद्यावर भेटला की मूल त्याला घट्ट धरून ठेवतं. आणि आपण त्याला सांगतो काय, तर जग वाचवलंस तरच तुझी गोष्ट सांगण्यासारखी! हे मला फार क्रूर वाटतं.

१९७५ साली मॉस्कोच्या सोयुझमुल्टफिल्म स्टुडिओत युरी नॉर्स्टाइन यांनी जेमतेम दहा मिनिटांचा चित्रपट केला, ‘हेजहॉग इन द फॉग’. काटेरी अंगाचा छोटा हेजहॉग रोज संध्याकाळी अस्वलाच्या पिल्लाकडे जातो. दोघं चहा पितात, चांदण्या मोजतात. त्या दिवशी तो मित्रासाठी रासबेरीच्या मुरंब्याचं गाठोडं घेऊन निघतो. वाटेत धुक्यात त्याला एक पांढरा घोडा दिसतो. हा घोडा झोपला तर धुक्यात बुडेल का, असा प्रश्न त्याला पडतो आणि बघायला म्हणून तो धुक्यात उतरतो. बस, एवढंच साहस.

आत गेल्यावर त्याला स्वतःचा पंजाही दिसेनासा होतो. मागे घुबड आहे. गाठोडं हरवतं. तो नदीत पडतो, आणि हातपाय न मारता ठरवतो की आता नदीच नेईल तिकडे जावं. पाण्यातला कोणीतरी त्याला पाठीवर घेऊन काठाला सोडतो. तो कोण, हे शेवटपर्यंत नीट कळत नाही. हरवलेलं गाठोडं एक कुत्रा आणून देतो. हेजहॉग कोणाला हरवत नाही, कोणाला वाचवत नाही. तो घाबरतो, बघतो, आणि मित्राकडे पोचतो. मित्राची बडबड सुरू असते, पण हा मात्र त्या घोड्याचाच विचार करत बसतो. बाहेरून काहीच बदललेलं नाही, आतून मात्र केवढं तरी घडून गेलंय. २००३ साली टोकियोत अॅनिमेशन क्षेत्रातल्या जाणकारांनी याला आजवरचा सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपट म्हणून निवडलं, याचं मला जराही नवल वाटत नाही.

ते धुकं कसं केलं माहीत आहे? कागदातून कापलेली चित्रं, आणि त्यांच्यावर धरलेला अगदी पातळ, पारदर्शक कागद. तो कागद एकेक फ्रेमला थोडा थोडा कॅमेऱ्याकडे उचलत नेला की खालचं चित्र विरत जातं. बस, कागदच!

‘बांबी’ या हरणाच्या पाडसाच्या गोष्टीचंही तेच. १९४२ चा डिस्नेचा चित्रपट, फेलिक्स साल्टन यांच्या कादंबरीवरचा. चितारण्याच्या अभ्यासासाठी स्टुडिओत खरी हरणाची पाडसं आणून ठेवली होती. पण त्या जंगलाचं रूप ठरलं ते टायरस वाँग या चित्रकारामुळे. ते तिथे अगदी कनिष्ठ कामावर होते, दोन मुख्य चित्रांमधली चित्रं भरण्याच्या. आधीच्या पार्श्वभूमींत पान न् पान रेखलेलं होतं आणि त्या गर्दीत हरीण हरवून जात होतं. वाँग यांनी चीनच्या सुंग राजवटीच्या काळातल्या निसर्गचित्रांच्या वळणाने, पुसट कडांचं, धूसर जंगल रंगवून दाखवलं. पाडसाभोवती अचानक केवढी तरी जागा निर्माण झाली. त्या मोकळ्या जागेमुळेच ते एवढंसं वाटतं. श्रेयनामावलीत मात्र वाँग यांचं नाव पार्श्वभूमी रंगवणाऱ्यांच्या यादीतलं एक म्हणून आलं, याची मला आजही चीड येते.

बांबी मोठा होतो, झुंजतो, आपल्या जोडीदारीण हरिणीला, फॅलिनला, कुत्र्यांपासून सोडवतो. पण शिकाऱ्यांना हरवणं किंवा आग विझवणं त्याच्या हातात नसतं. गोळी लागून पडलेल्या बांबीला बाप एकच सांगतो, ऊठ. आणि तो उठून पळतो. माणूस तर पडद्यावर दिसतच नाही. आईचं मरणही दिसत नाही, फक्त आवाज येतो, आणि मग बर्फात आईला हाका मारणारं पाडस. एवढ्याशा जिवाला आपत्ती अशीच कळत असणार, चेहरा नसलेली.

आईच्या मरणाचा हा प्रसंग गाळून मुलांना चित्रपट दाखवणारे आईबाबा मी पाहिलेत. त्यांची काळजी खरी आहे. फार लहान मूल असेल तर चित्रपटच दोन वर्षांनी दाखवा, तो कुठे पळून जात नाही. पण दाखवायचाच तर कापून दाखवू नका. आई गायब होते आणि त्याबद्दल कोणी बोलतच नाही, हे मुलाला जास्त भयंकर वाटेल. शेजारी बसा, प्रश्न आला तर खरं उत्तर द्या.

‘आताच्या मुलांना संथ काही बघवत नाही’ हे मला पटत नाही. मुंग्यांची रांग बघत बसलेलं मूल कोणी पाहिलं नाही का? संथपणाचा कंटाळा आपल्याला येतो, आणि नाव आपण मुलांचं घेतो.

तुमच्या घरात मुलं असतील तर आधी तो दहा मिनिटांचा हेजहॉग लावा. मध्ये काही समजावून सांगू नका. आणि तुम्हाला असे आणखी चित्रपट माहीत असतील, ज्यात छोटा प्राणी शेवटपर्यंत छोटाच राहतो, तर खाली नक्की लिहा. मला ते बघायचे आहेत.