संत्र्यावरील ग्रीनिंग : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

"पाने पिवळी पडली की जस्त फवारायचे, हे आमच्या आजोबांनाही ठाऊक होते, घरात बसून ग्रीनिंगचा बागुलबुवा उभा करणाऱ्यांनी आधी बागेत पाय ठेवावा," असे आपण माझ्या लेखाखाली लिहिले आहे. संत्र्याची पाने पिवळी पडण्यामागे दर वेळी जस्ताची कमतरताच नसते, तर ग्रीनिंग हा जिवाणूमुळे होणारा रोगही असू शकतो आणि अशी झाडे राखू नयेत, असे त्या लेखाचे म्हणणे होते. मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ज्याच्याविषयी काहीच माहिती नाही, त्याला घरबशा ठरवून मोकळे होणे ही चर्चेची कोणती रीत? माझे बालपण वरुड तालुक्यातल्या संत्र्याच्या बागेत गेले. शेणखत, जस्त, ओलीत यांत काही कमी न करताही एकेक फांदी वाळत गेलेली झाडे वडिलांनी माझ्यादेखत उपटली. तेव्हा बागेत पाय ठेवण्याचा उपदेश आपण दुसऱ्या कोणाला तरी करावा.

विदर्भातल्या चुनखडीयुक्त जमिनीत जस्ताची कमतरता सर्रास आढळते, एवढे आपले म्हणणे मला मान्य आहे. मात्र त्या कमतरतेत शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो आणि पानाचे दोन्ही अर्धे सारखेच दिसतात. ग्रीनिंगमध्ये मुख्य शिरेच्या एका बाजूचे डाग दुसऱ्या बाजूशी जुळत नाहीत, फळ वाकडे होते आणि आतले बी खुरटते. अन्नरसाच्या नलिकांत ठाण मांडलेल्या जिवाणूमुळे रोगी झाडावर जस्ताच्या कमतरतेसारखी लक्षणेही दिसतात आणि नेमकी तिथेच फसगत होते. आपण जस्त फवारत बसता, तेवढ्यात सिट्रस सायला ही कीड त्याच झाडाच्या नवतीवर, म्हणजे कोवळ्या फुटीवर, अंडी घालते, तिची पिल्ले जिवाणूसह रस शोषतात आणि पंख फुटल्यावर रोग शेजारच्या बागेत नेतात. सायला हा रोग पसरवते, हे कपूर, राव आणि विश्वनाथ यांनी १९६७ मध्ये भारतातच दाखवून दिले होते; माझ्या कल्पनेतून काही आलेले नाही. फ्लोरिडात २००५ मध्ये ग्रीनिंग आढळल्यावर अनेक बागायतदारांनी झाडे काढण्याऐवजी पानांवर अन्नद्रव्ये फवारून ती राखली. हा रोग आणि नंतरची वादळे यांमुळे तिथले संत्र्याचे उत्पादन दोन दशकांत नऊ दशांशांहून अधिक घटले.



डाग न जुळणारी पाने नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेकडे पीसीआर तपासणीसाठी, म्हणजे जिवाणूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीसाठी, द्यावीत. अहवाल हाती आल्यावर मला जी नावे ठेवायची ती अवश्य ठेवावीत. तोवर जस्ताच्या भरवशावर इतरांना रोगी झाडे राखायला सांगू नये.