पंधरा वर्षांची गॅरंटी

आमच्या तालुक्याच्या पतसंस्थेत कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर आहे. मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीनं लावलेला कागद : ‘अपडेट विचारल्यास नको म्हणावे. हुकमावरून.’ खंडेनवमीला त्याला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल मिळतं. मुदत ठेवींचं व्याज अजून तिथंच निघतं. ही सगळी माझी करणी.

२०१० साली मी ते व्याजाचं सॉफ्टवेअर सिल्व्हरलाइटमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमध्ये चालणारे प्रोग्रॅम लिहायच्या साधनात, लिहिलं. तेव्हा चेअरमन अण्णांनी एकच विचारलं होतं, “हे टिकंल किती?” मी छातीठोकपणे म्हणालो, “अण्णा, मागं एवढी मोठी कंपनी आहे, ती कुठं जातीय?” माझं भाकीत तंतोतंत खरं ठरलं. कंपनी कुठंही गेली नाही. सिल्व्हरलाइट तेवढं गेलं. १२ ऑक्टोबर २०२१ला त्याचा सपोर्ट संपला आणि ज्या इंटरनेट एक्स्प्लोररच्या खांद्यावर ते बसलं होतं, तोही पुढच्या जूनमध्ये निवृत्त झाला.

आता अण्णांना नवीन सॉफ्टवेअर हवंय. “या खेपेला पंधरा वर्षांची गॅरंटी द्या. तिजोरीवाला देतोय की.”

मी तीन रात्री जागून अँग्युलर, व्ह्यू, रिअ‍ॅक्ट अशा फ्रेमवर्कांच्या, म्हणजे सॉफ्टवेअरचे पडदे बांधायच्या तयार सांगाड्यांच्या, कुंडल्या काढल्या. अँग्युलर घ्यावा, तर जुनी जखम ठसठसते. २०१४च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या एका परिषदेत त्याच्या कर्त्यांनीच पडद्यावर थडगी दाखवली होती. एकाखाली कंट्रोलर, एकाखाली स्कोप, म्हणजे त्याचेच मुख्य भाग. घर तेच राहणार होतं. फक्त भिंती, छप्पर आणि पाया बदलणार होता. माझा एक प्रोजेक्ट तेव्हा नेमका स्लॅबपर्यंत आला होता. पुढं तर दुसऱ्या आवृत्तीनंतर थेट चौथी आली. कारण म्हणे, राउटर नावाचा त्याचाच एक भाग आधीच तिसरीत पोचला होता, त्याच्याशी बाकीच्यांचा आकडा जुळवायचा होता. हे मी अण्णांना कसं सांगू? पतसंस्थेत दोन नंबरच्या पावतीनंतर चार नंबरची निघाली, तर ऑडिटर चहासुद्धा घेत नाही.

व्ह्यूच्या दुसऱ्या आवृत्तीची मुदत २०२३च्या शेवटच्या दिवशी भरली. रिअ‍ॅक्ट २०१३पासून उभा आहे, हे खरं. पण २०१९मध्ये हुक्स ही कोड लिहायची नवी पद्धत आली आणि जुन्या पद्धतीनं क्लास लिहिणारे आम्ही एका रात्रीत धोतरवाले झालो. आमचा कोड अजून चालतो, पण नवी पोरं तो उघडून हळूच विचारतात, “सर, हे कुणी लिहिलंय?”

ऑफिसातला ज्युनिअर म्हणाला, “सर, डोळे झाकून स्वेल्ट घ्या.”

“तू किती वापरलंयस?”

“शनिवार-रविवार.”

शेवटी रिअ‍ॅक्टमध्ये चार पडदे बनवले आणि लॅपटॉप घेऊन पतसंस्थेत गेलो. रोखपाल ताई मागं येऊन उभ्या राहिल्या. एवढे रंग, एवढी सरकणारी बटणं. त्यांनी कशाकडंच पाहिलं नाही. “एंटर मारला की पुढच्या रकान्यात जातंय का?” नाही जात. एंटर मारला की फॉर्म सबमिट होतो. माझ्या तीन रात्रींच्या तक्त्यात एंटरचा रकानाच नव्हता. ताईंनी एकवार कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडं पाहिलं, माहेराकडं पाहावं तसं.

मग मी अण्णांना खरं सांगून टाकलं. पडद्याची गॅरंटी मी देत नाही. खाती, हिशेब, व्याजाची गणितं सर्व्हरवर अलग ठेवतो, पडद्याशी बांधत नाही. उद्या फ्रेमवर्क गेलं तर नुसता पडदा बदलायचा.

अण्णांनी सुपारी कातरता कातरता विचार केला. “म्हंजे तिजोरी तीच. दार तेवढं बदलायचं?”

“अगदी बरोबर!” पंधरा वर्षांत मला एवढं नेमकं कुणी समजून घेतलं नव्हतं.

“मग दाराचे पैसे आत्ताच धरलेत, का दर दाराला येगळे?”

मी बशीतला चहा फुंकू लागलो. तो केव्हाच गार झाला होता.