दोन किलोमीटर मोजायचे की नाही? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मागच्या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. इतकं बारकाईने वाचून कुणी हरकत घेतली की दोन ओळींत उत्तर देऊन भागत नाही, म्हणून वेगळं लिहिते आहे.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. मी घरापासून पिंपरीतल्या संत तुकाराम नगरच्या मेट्रो स्टेशनपर्यंत सायकलने जाते, सायकल तिथे लावते आणि पुढे पुण्यात सिव्हिल कोर्टपर्यंत मेट्रोने. सायकलवरचा रस्ता जेमतेम दोन किलोमीटर. तुमच्या मते हे मेट्रोने कामाला जाणं झालं, सायकलने नाही. तुम्ही स्वतः चिंचवडहून खराडीपर्यंत सायकल मारता, म्हणजे एका बाजूने वीस किलोमीटरच्या वर. घर ते ऑफिस सगळा रस्ता सायकलवर, रोज आणि स्वतःच्या इच्छेने, या तीन अटी पाळल्या तरच ते खरं सायकलने कामाला जाणं, असं तुम्ही लिहिलंत. भाजी, बँक, मुलीचा क्लास यांना तुम्ही 'घरगुती फिरणं' म्हणालात. आणि एमआयडीसीतले कामगार नाइलाजाने सायकल चालवतात, चार पैसे आले की बाइक घेतील, तेव्हा त्यांची गणती यात करू नये, असंही.

तुम्ही रोज जे करता त्याला खरोखर हिंमत लागते. नाशिक फाट्यावरून पुढे निघून जड वाहनांच्या बाजूने खराडी गाठायची आणि संध्याकाळी तोच रस्ता परत, हे फार थोड्यांना जमतं. पण नेमक्या याच कारणासाठी ते मोजपट्टी म्हणून चालणार नाही. थोड्यांनाच जमणारी गोष्ट अट म्हणून ठेवली की मोजायला थोडीच माणसं उरतात, आणि मग 'एवढ्याशा लोकांसाठी रस्त्यात जागा कशाला सोडायची' असं म्हणायला सगळे मोकळे.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या ठिकाणी पोहोचणं भाग आहे, तिथे पोहोचण्यासाठी केलेली प्रत्येक सायकल-फेरी मोजायची. ऑफिस, कारखाना, शाळा, धुण्याभांड्याची कामं, रेशन दुकान, दवाखाना, स्टेशन, सगळं. आणि मोजायची ती फेरी, माणूस नाही. कोण खरा सायकलवाला आणि कोण अर्धा, या निवाड्यात मला पडायचंच नाही.

आधी अंतराचं बघू. तुम्हाला वाटतं तसं 'अर्धा रस्ता धरायचा नाही' हे काही जगभर मान्य असलेलं सूत्र नाही. ब्रिटनमध्ये नोकरदारांना सायकल घेण्यासाठी करसवलत मिळते, ती योजना १९९९ च्या वित्त कायद्यातून आली. सायकलचा मुख्य वापर कामाच्या प्रवासासाठी हवा ही तिची अट आहे, पण कामाचा प्रवास म्हणजे घर ते कामाची जागा हा पूर्ण रस्ता किंवा त्याचा काही भाग, असं कायद्यातच लिहून ठेवलंय. स्टेशनपर्यंत सायकल आणि पुढे रेल्वे, चालतं. नेदरलँड्समध्ये तर रेल्वेचे निम्म्याच्या आसपास प्रवासी घरून स्टेशनला सायकलनेच येतात. उट्रेख्ट स्टेशनखाली साडेबारा हजार सायकलींचा तळ आहे, २०१९ मध्ये तो पूर्ण झाला. तिथे सायकल लावणाऱ्या बहुतेकांचा सायकलवरचा रस्ता माझ्यासारखाच छोटा असणार. त्या छोट्या फेऱ्यांना कुणी किरकोळ समजलं असतं, तर एवढा मोठा तळ बांधलाच गेला नसता.

उलट उदाहरणही आहे, आणि ते तुमच्या बाजूचं आहे. अमेरिकेत दरवर्षी होणाऱ्या जनगणना खात्याच्या पाहणीत विचारतात, मागच्या आठवड्यात बहुतेक वेळा कामाला कसे गेलात? एकाहून जास्त साधनं असतील तर ज्याने सर्वात जास्त अंतर कापलं तेवढं एकच लिहायचं. म्हणजे तीन किलोमीटर सायकल आणि तीस किलोमीटर रेल्वे करणाऱ्या माणसाची सायकल कागदावरून गायब. आठवड्यातून दोनदा सायकलने जाणाराही गायब. रस्त्यावर मात्र तो असतोच, सिग्नलला थांबलेला असतो, आणि त्याला धक्का लागला तर खरोखरच लागतो.

आपल्याकडे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. २०११ च्या जनगणनेत कामाला कसं जाता हे विचारलं गेलं. त्यातून सुमारे १३ टक्के लोक सायकलने कामाला जातात असा आकडा आला. मोटारसायकल-स्कूटरवाले तेव्हा त्याहून किंचित कमीच होते. पण हा प्रश्न विचारला कुणाला? शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकीच्या कामगारांना, म्हणजे साधारण २० कोटी लोकांना. देशात कामगार होते ४८ कोटी. शेतकरी, शेतमजूर, घरात राहून विणकाम करणारा, विड्या वळणारी, अशा २८ कोटी लोकांना प्रश्नच नव्हता. नांगरट बघायला सायकलवरून शिवारात जाणारा शेतकरी त्यात नाही. परगावच्या मळ्यात खुरपणीला सायकलने जाणारी बाईही नाही. घर सांभाळणाऱ्या बायकांच्या दिवसभरातल्या फेऱ्या तर कुठेच नाहीत.

शाळेच्या मुलींचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. आठवीनंतर शाळा दुसऱ्या गावात, एसटी वेळेवर नाही, आणि तीन-चार किलोमीटर एकटीने चालत पाठवायला घरचे तयार नाहीत, अशा मुलीचं शिक्षण या सायकलीवर तरून जातं. ती रोज जाते, ठरलेल्या वेळेला जाते, पाठीवर दप्तर घेऊन जाते. तिला 'विद्यार्थिनी आहे, नोकरदार नाही' म्हणून बाजूला काढायचं असेल, तर ती व्याख्या मला नको आहे.

'घरगुती फिरणं' या शब्दांबद्दल थोडं स्पष्ट बोलते. ऑफिसहून येताना मी स्टेशनवरून सायकल काढते, वाटेत भाजी घेते, मुलीला क्लासमधून घेऊन कॅरिअरवर बसवते, मग घर. तुमच्या हिशेबात यातला पहिला तुकडाही बाद आणि पुढचे दोनही बाद. बऱ्याच बायकांचा दिवस असाच तुकड्यातुकड्यांचा असतो. सकाळी घर ते ऑफिस आणि संध्याकाळी ऑफिस ते घर असा सरळ रस्ता ज्याचा आहे, त्याच्या मागे घरचं कुणीतरी या बाकीच्या फेऱ्या मारत असतं. सायकलसाठी रस्ता आखताना फक्त सरळ रस्ते धरले, तर पट्टा हमरस्त्यावर होतो आणि शाळा, मंडई, दवाखाना यांच्या गल्ल्या तशाच राहतात. आपल्याकडे पट्टे कुठे झाले आणि कुठे नाहीत, ते एकदा या नजरेने पाहा.

रोजचं म्हणाल, तर पावसाळ्यात मी अनेकदा सायकल काढत नाही, हे मागच्या लेखात लिहिलंच होतं. त्या दिवसाची फेरी मोजू नका. कोरड्या दिवसाची मोजा. एवढं साधं आहे.

आता तुमच्या तिसऱ्या अटीकडे येते. आवडीने चालवणारा मोजायचा आणि नाइलाजाने चालवणारा नाही, हे वाचून मला वाईट वाटलं.

भोसरी एमआयडीसीत सकाळी पावणेसातला कुठल्याही मोठ्या गेटसमोर दहा मिनिटं उभे राहा. सातची फर्स्ट शिफ्ट असते. काळ्या, उंच, दांडीच्या सायकली येतात. कॅरिअरवर जुन्या ट्यूबच्या पट्टीने करकचून बांधलेला डबा, पँटचा उजवा पाय मोज्यात खोचलेला किंवा त्याला कपड्याचा चिमटा लावलेला, म्हणजे चेनीत अडकायला नको. हँडलला पाण्याची बाटली पिशवीत घालून अडकवलेली. बऱ्याच सायकलींना पुढचा ब्रेक नीट लागत नाही, कारण ब्रेक-रबर झिजून गुळगुळीत झालेलं असतं आणि ते बदलायचं या पगारावर ठरलेलं असतं. माणूस गेटवर उतरतो, खिशातून पास काढतो, सायकल शेडमध्ये लोटतो. सात वाजता पंचिंग झालंच पाहिजे, नाहीतर अर्धा दिवस कापला जातो. वेळेवर कामाला पोहोचण्यासाठी सायकल वापरणं यापेक्षा आणखी कशाला म्हणायचं?

त्याला पर्याय नाही, हे खरं. म्हणून तर त्याला रस्ता जास्त हवा. तुम्हाला एखाद्या दिवशी कंटाळा आला, ट्रक फार वाटले, तर तुम्ही गाडी काढू शकता. मीही रिक्षा करू शकते. त्याला त्याच रस्त्याने, त्याच ट्रकच्या बाजूने, सेकंड शिफ्ट असेल तर रात्री बाराला, बहुतेक वेळा दिव्याशिवाय परतायचं असतं. आणि तो उद्या बाइक घेईल, हेही खरं. पण का घेईल? सायकलचा कंटाळा आला म्हणून सगळे घेत नाहीत. रस्त्याच्या कडेला जागा उरली नाही, उड्डाणपुलाखालून ओलांडता येत नाही, म्हणूनही घेतात, हप्त्यावर घेतात. आज त्याला मोजलं नाही, तर उद्या तो गेल्याचंही कळणार नाही.

पुणं सायकलींचं शहर होतं, असं आपण अभिमानाने सांगतो. नगरपालिकेचा सायकल-कर होता, त्याचा बिल्ला सायकलला लावावा लागे, डबलसीट आणि बिनदिव्याच्या सायकलवाल्यांना पोलीस अडवत. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची शिफ्ट सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा. त्या गर्दीत कोण होतं? कामगार, कारकून, पेठांतून कॉलेजला जाणारी मुलं-मुली. शनिवार किंवा नारायण पेठेतून फर्ग्युसन नाहीतर स. प. महाविद्यालय म्हणजे दोन-अडीच किलोमीटरसुद्धा पुरतं भरत नाही. तुमच्या तीन अटी लावल्या तर ज्या पुण्याचा आपण गौरव करतो, त्यातल्या बहुतेक सायकली वजा कराव्या लागतील.

मग सगळंच मोजायचं का, असं तुम्ही विचाराल. नाही. रविवारी पहाटे सिंहगड किंवा लोणावळा, ती राइड. व्यायाम म्हणून, आनंद म्हणून उत्तम, पण ती यात नाही. दूधवाला घरोघरी रतीब घालतो, मुंबईत डबेवाला स्टेशनवरून डबे सायकलला लटकवून ऑफिसात पोहोचवतो, ते त्यांचं कामच सायकलवरचं आहे. त्याची वेगळी नोंद हवी, कारण त्यांच्या गरजा वेगळ्या: ओझं, वारंवार थांबणं, सायकल उभी करायला जागा. पण दूधवाला घरून डेअरीपर्यंत सायकलने येतो तेवढा रस्ता माझ्या यादीत आहे. बॅटरीच्या सायकलबद्दल तुम्ही नाक मुरडलंत. २५० वॅटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असेल, तर आपला कायदाही तिला मोटार वाहन धरत नाही. गुडघे दुखणारी पन्नाशीची बाई त्या सायकलवर चढ चढून कामाला जात असेल, तर मला ती हवी आहे.

शेवटी तुमच्या ग्रुपच्या मोजणीबद्दल. महिनाअखेरीस नाशिक फाट्याजवळ सकाळी साडेआठ ते साडेदहा उभं राहून सायकलवाले मोजायचे आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात निवेदन द्यायचं, असं तुम्ही लिहिलंय. कल्पना फार चांगली आहे, मला मनापासून यायचं आहे. पण वेळ बदला. साडेआठला फर्स्ट शिफ्टचे लोक मशीनवर उभे असतात, शाळा भरलेल्या असतात, धुण्याभांड्याच्या बायकांची पहिली दोन घरं झालेली असतात. सहाला सुरू करा. दुपारी साडेतीनच्या आगेमागे पुन्हा तासभर थांबा, शिफ्ट सुटते तेव्हा. गुरुवार धरू नका, एमआयडीसीची सुट्टी असते. रकाने करताना हेल्मेट आहे की नाही हा एकच रकाना ठेवू नका. बाई की पुरुष, शाळेचा गणवेश, कॅरिअरवर डबा किंवा ओझं, मागे मूल, हे लिहा. उलट्या बाजूने येणारे आणि सायकल हातात धरून रस्ता ओलांडणारे यांनाही सोडू नका, कारण रस्ता कुठे तुटतो ते त्यांच्यावरूनच कळेल. दोन ठिकाणी माणसं लागतील. नाशिक फाटा तुमच्या ग्रुपकडे ठेवा, भोसरीतल्या लांडेवाडीच्या चौकात मी थांबते. सोबत आणखी दोघी यायला तयार आहेत, तारीख तेवढी आठवडाभर आधी कळवा.