जिना चढल्यामुळे आयव्हीएफ फेल होत नाही

‘आयव्हीएफ फेल होण्याची खरी कारणं’ नावाचा, टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराबद्दलचा एक मेसेज सध्या घरोघरच्या ग्रुपवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: ट्रान्सफरनंतर, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेला गर्भ गर्भाशयात ठेवल्यावर, बाई उठली, जिना चढली, पपई खाल्ली की गर्भ निसटतो. गर्भ ‘ए ग्रेड’ असूनही राहिला नाही तर दोष गर्भाशयाचा. नवऱ्याचा रिपोर्ट एकदा नॉर्मल आला की त्याला परत तपासायला नको. पुढच्या वेळी ईआरए (ट्रान्सफरची योग्य वेळ शोधायची तपासणी), स्क्रॅचिंग (गर्भाशयाचं अस्तर खरवडणं), पीजीटी (गर्भाची जनुकीय तपासणी) सगळं करून घ्या. आणि दोनदा फेल झालं तर दुसऱ्या बाईचं बीज घेण्यावाचून मार्ग नाही.

मी एम्ब्रिऑलॉजिस्ट आहे, म्हणजे लॅबमध्ये गर्भ वाढवण्याचं काम करते. बीटाचा (गर्भ राहिला का हे सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) निगेटिव्ह रिपोर्ट हातात धरून ‘मी त्या दिवशी पोळ्या लाटल्या, त्यानं झालं का हो?’ असं विचारणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. हा मेसेज तो प्रश्न त्यांच्या डोक्यात पक्का बसवतो, म्हणून त्याला उत्तर द्यायलाच हवं.

‘ट्रान्सफरनंतर पंधरा दिवस पलंगावरून उतरू नका.’ गर्भाशयाची पोकळी रिकाम्या पिशवीसारखी उघडी नसते. तिच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात आणि जेमतेम दिसेल-न दिसेल एवढा गर्भ त्यांच्यामध्ये ठेवला जातो. उभं राहिल्यानं, शिंकल्यानं किंवा रिक्षाच्या धक्क्यानं तो खाली पडत नाही. हे तपासूनही पाहिलेलं आहे. स्पेनमधल्या २४० स्त्रियांच्या एका चाचणीत (२०१३) ट्रान्सफरनंतर अवघी १० मिनिटं झोपवून ठेवलेल्या गटात बाळ होण्याचं प्रमाण लगेच उठून गेलेल्या गटापेक्षा कमी निघालं. सक्तीच्या आरामाचा फायदा इतर चाचण्यांतही दिसलेला नाही. जेवणात येणाऱ्या पिकलेल्या पपईच्या फोडीनं गर्भ रुजायचा थांबतो याला पुरावा नाही. सासूबाईंनी काळजीपोटी पपई बाजूला ठेवली तर ठेवू द्या, पण निगेटिव्ह रिपोर्टचं खापर त्या फोडीवर फोडू नका.

‘ए ग्रेड गर्भ राहिला नाही, म्हणजे गर्भाशयात दोष.’ इथे जरा थांबायला हवं, कारण बहुतेक निराशा या एका गैरसमजातून येते. आम्ही ग्रेड देतो ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या रूपाला: पेशी किती, आतला पुंजका कसा, बाहेरचा थर कसा. आतली गुणसूत्रं त्यात दिसत नाहीत. बाईचं वय पस्तिशीच्या आत असतानाही पाचव्या दिवसाच्या साधारण तीनातल्या एका गर्भात गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. चाळिशीला हे प्रमाण निम्म्याच्या वर जातं. असा गर्भ बहुतेक वेळा रुजत नाही किंवा रुजून लवकर गळतो. गुणसूत्रं तपासून बरोबर निघालेला गर्भसुद्धा दर वेळी रुजत नाही. त्यामुळे एका चांगल्या दिसणाऱ्या गर्भाच्या अपयशावरून गर्भाशयाला दोषी ठरवता येत नाही.

गर्भाशय पाहायचंच नाही असं मात्र मी म्हणत नाही. पोकळीतला पॉलिप (अस्तराची वाढ), आत घुसलेला फायब्रॉइड (स्नायूची गाठ), पडदा हे शोधून काढता येतं. गर्भनळीत पाणी भरलेलं असेल (हायड्रोसाल्पिंक्स) तर यशाची शक्यता निम्म्यावर येऊ शकते. ती नळी आधी काढली किंवा बंद केली तर पुढच्या प्रयत्नाला खरा फायदा होतो. आपल्याकडे जननेंद्रियांचा टीबीही विसरून चालत नाही.

अपयश कुठे आलं हे सायकलच्या, म्हणजे उपचाराच्या एका फेरीच्या, कागदांवर टप्प्याटप्प्यानं वाचता येतं. सोनोग्राफीत फॉलिकल (बीज वाढवणाऱ्या पिशव्या) भरपूर होते आणि पिकअपला, म्हणजे बीजं बाहेर काढताना, ती थोडी आली, तर इंजेक्शनांचा डोस, ट्रिगरचं (बीजं पक्की करणारं शेवटचं) औषध आणि त्याची वेळ पाहायची. बीजं पुष्कळ पण कच्ची निघाली, तरीही ट्रिगरकडेच नजर जाते. बीजं पक्की असून फलन झालं नाही, तर साध्या आयव्हीएफऐवजी इक्सीचा (एकेक शुक्राणू सुईनं बीजात सोडण्याचा) विचार होतो. फलन छान झालं, तिसऱ्या दिवसापर्यंत गर्भ वाढले आणि पाचव्याला सगळे थांबले, तर बीजाच्या दर्जाइतकंच शुक्राणूंकडेही पाहावं लागतं, कारण सुरुवातीचे दोन-तीन दिवस गर्भ मुख्यतः बीजातल्या साठ्यावर वाढतो आणि वडिलांकडच्या जनुकांचं काम त्यानंतर नीट सुरू होतं. १० बीजांतून २-३ चांगले ब्लास्टोसिस्ट (पाचव्या दिवसापर्यंत वाढलेले गर्भ) होणं हे नेहमीचं गणित आहे. ते आधी सांगितलं असतं तर कितीतरी जोडप्यांना ‘दहा होती, दोनच उरली’ याचा एवढा धक्का बसला नसता.

नवऱ्याच्या जुन्या नॉर्मल रिपोर्टचं उत्तर यातच आलं. संख्या आणि हालचाल ठीक असूनही शुक्राणूंच्या डीएनएत तुटी जास्त असू शकतात. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७२ ते ७४ दिवस लागतात. म्हणून तंबाखू-दारू आज सोडली तर फरक साधारण तीन महिन्यांनी दिसेल. पुढची तारीख ठरवताना हा हिशोब धरा.

‘पुढच्या वेळी सगळ्या टेस्ट करून घ्या.’ एका सायकलला लाख-दीड लाखाच्या वर खर्च होतो, लोक दागिने मोडतात, आणि मेसेज त्यावर आणखी यादी वाढवतो. अस्तर खरवडण्यावर १,३६४ स्त्रियांची मोठी चाचणी झाली (२०१९): खरवडलेल्या आणि न खरवडलेल्या, दोन्ही गटांत बाळ होण्याचं प्रमाण २६.१ टक्के. ईआरए करून ट्रान्सफरची वेळ बदलल्याचा फायदा २०२२ च्या अमेरिकन चाचणीत दिसला नाही; वेळ बदललेल्यांत ५८.५ टक्के स्त्रियांना बाळ झालं, न बदललेल्यांत ६१.९. पीजीटी-ए नं (गुणसूत्रांची संख्या पाहणाऱ्या पीजीटीनं) गर्भ सुधारत नाही, असलेल्यांतून फक्त निवड होते. वय जास्त आणि गर्भ बरेच असतील, किंवा गर्भपात वारंवार झाले असतील, तर तिचा विचार समजून घेऊन करावा. तरुण जोडप्याला एका अपयशानंतर ती सरसकट सुचवण्याला आधार नाही.

राहिला ‘दोनदा फेल म्हणजे डोनर’ हा मुद्दा. ब्रिटनमधल्या १,५६,९४७ स्त्रियांच्या नोंदींवरचा अभ्यास २०१५ साली आला. पहिल्या सायकलमध्ये २९.५ टक्के स्त्रियांना बाळ झालं, आणि चौथ्या सायकलपर्यंत प्रत्येक वेळी हे प्रमाण २० टक्क्यांच्या वर राहिलं. यात एका पिकअपचे ताजे आणि गोठवलेले सगळे ट्रान्सफर मिळून एक सायकल धरली आहे, म्हणजे तुमचे गर्भ अजून गोठवलेले असतील तर तुमची पहिली सायकलच संपलेली नाही. चाळिशीनंतर स्वतःच्या बीजावर आकडे झपाट्यानं उतरतात, तिथे डोनरचा सल्ला प्रामाणिक असू शकतो. तो सल्ला वय, एएमएच (अंडाशयात बीजांचा साठा किती हे सांगणारी रक्ततपासणी) आणि मागच्या सायकलमधली बीजं पाहून यायला हवा. आपल्या २०२१ च्या कायद्यानं बीज देणारी २३ ते ३५ वयाची असावी, तिनं आयुष्यात एकदाच द्यावं आणि सातपेक्षा जास्त बीजं काढू नयेत असं बंधन घातलं आहे. हा निर्णय घाईत उरकण्यासारखा नाही.

त्याच कायद्यानं क्लिनिकवर यशाची शक्यता, खर्च आणि धोके समजावून सांगायचं आणि केलेल्या उपचाराचा तपशील लिहून द्यायचं बंधन आहे. तो कागद मागा. त्यात इंजेक्शनांचे डोस, बीजं किती आणि पक्की किती, फलन किती, कोणत्या दिवशी किती गर्भ, अस्तराची जाडी, ट्रान्सफर सहज झाला की अवघड, हे सगळं आहे ना ते पाहा, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा: ‘या वेळी नेमकं काय बदलणार, आणि का?’ त्या भेटीला नवऱ्यानंही सोबत जावं.