टर्मिनल चालवायला दिलं म्हणजे बंदर विकलं?

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय: 'जगातली बंदरं चार-पाच परदेशी कंपन्यांनी विकत घेतली आहेत. कुठल्या पेटीत (कंटेनरमध्ये) काय येणार हे त्याच ठरवतात. एकदा बंदर हातचं गेलं की सरकार काही करू शकत नाही.' खरी काळजी करण्यासारखी गोष्ट या गदारोळात बाजूला पडते, म्हणून हे लिहितोय.

'विकत घेतली.' बहुतेक ठिकाणी जमीन सरकारची किंवा बंदर प्राधिकरणाचीच राहते. कंपनीला मिळतो तो टर्मिनल, म्हणजे बंदरातला माल चढवण्या-उतरवण्याचा भाग, चालवण्याचा करार, बहुधा 25-30 वर्षांचा. क्रेन आणि यार्डावर ती पैसा घालते, प्राधिकरणाला भाडं किंवा उत्पन्नातला वाटा देते. ग्रीसमधल्या पिरिअस बंदरात कॉस्को या चिनी कंपनीने 2016 मध्ये थेट बंदर कंपनीचेच 51 टक्के शेअर घेतले, 2021 मध्ये ते 67 टक्के झाले. तिथेही बंदर कंपनीकडे आहे तो मुदतीचा हक्कच.

'पेटीत काय ते कंपनी ठरवते.' धक्क्यावर काय चालतं ते बघा. क्रेनचालक उंचावरच्या केबिनमधून पायाखालच्या काचेतून बघत स्प्रेडर, म्हणजे पेटी पकडून उचलणारी चौकट, पेटीच्या चार कोपऱ्यांवर बसवतो. त्याच्यासमोर असतो चार अक्षरांचा आणि सात आकड्यांचा नंबर. आतला माल त्याला दिसतच नाही. पेटी तपासायला उघडायची की नाही हे कस्टम्स ठरवतं, आणि त्यांनी सोडल्याशिवाय आयातीचा माल गेटबाहेर पडत नाही.

'सरकार काही करू शकत नाही.' आफ्रिकेतल्या जिबूतीच्या सरकारने 2018 मध्ये दुबईच्या डीपी वर्ल्ड कंपनीचा करार रद्द करून दोरालेह टर्मिनल ताब्यात घेतलं. लंडनच्या लवादाने कंपनीच्या बाजूने निवाडे दिले, तरी टर्मिनल काही तिला परत मिळालं नाही. त्याआधी 2006 मध्ये याच कंपनीने पी अँड ओ ही ब्रिटिश कंपनी विकत घेतली, तेव्हा अमेरिकी काँग्रेसमध्ये इतका गहजब झाला की तिथली टर्मिनलं तिला विकून टाकावी लागली. श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर 2017 मध्ये चायना मर्चंट्स या चिनी कंपनीला 99 वर्षांसाठी दिलं गेलं. एवढी मुदत मला अजिबात पटत नाही. पण बंदराची सुरक्षा आजही श्रीलंकेच्या नौदलाकडे आहे.

आता 'परदेशी कंपन्या'. त्यातली पीएसए सिंगापूर सरकारच्या टेमासेक या गुंतवणूक कंपनीची, डीपी वर्ल्ड दुबई सरकारची, कॉस्को चिनी सरकारची. म्हणजे मागे बऱ्याचदा दुसरं सरकारच उभं असतं, आणि त्याबद्दल सावध राहायलाच हवं. पण मला त्याहून जास्त खुपते ती दुसरी गोष्ट. टर्मिनलं चालवणाऱ्या कंपन्यांपैकी एपीएम टर्मिनल्स मर्स्क या जहाज कंपनीची, टीआयएल एमएससी या दुसऱ्या जहाज कंपनीच्या गोटातली. टर्मिनलही त्यांचं आणि जहाजंही त्यांचीच. बाहेर नांगर टाकून चार जहाजं थांबलेली असताना बर्थ, म्हणजे धक्क्याला लागायची जागा, आधी कोणाला? उशीर झाला की नाशवंत मालाचं नुकसान निर्यातदाराच्या माथी बसतं, आणि पेटी अडकल्याचं भाडंही तोच भरतो. बर्थ कोणत्या क्रमाने द्यायचा हे करारात स्पष्ट लिहिलेलं हवं आणि तो करार कोणालाही वाचता यायला हवा. 'देश विकला' म्हणून ओरडणाऱ्यांनी आधी ही मागणी लावून धरावी.